पंचांगाला आकाशाची साक्ष

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२०२३ साली महाराष्ट्रात गणपती दोनदा बसले. बहुतेक घरांत ते १९ सप्टेंबरला आले, तर टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत २० ऑगस्टला. दोन्हीकडे दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्थीचाच होता. दूर्वा, मोदक, आरत्याही त्याच होत्या. फरक होता तो फक्त एका महिन्याचा. एका घरात विसर्जन होऊन गेले, तरी शेजारच्या घरात गणपती यायला अजून वीसेक दिवस तरी बाकी होते. एकच चंद्र पाहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या आणि एकाच देवाची पूजा करणाऱ्या लोकांत हा फरक कसा पडला? त्याचे उत्तर शोधू गेले की आकाशाचे गणित, धर्मशास्त्र, छापखाना आणि मराठी शाळामास्तरांची तपश्चर्या हे सगळे एकाच वाटेवर भेटते.

आधी हिशेब पाहू. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याची फेरी पुरी व्हायला ३६५ दिवसांहून थोडे अधिक लागतात. म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांची तफावत पडते. हिजरी कालगणनेत ही तफावत तशीच राहू देतात, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्याकडे सण ऋतूंशी बांधलेले आहेत, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा धरतात. तो कोणता, हे ठरवायचा नियम अगदी नेमका आहे. एका अमावास्येच्या शेवटापासून पुढच्या अमावास्येच्या शेवटापर्यंत सूर्याने राशी बदलली नाही, म्हणजे त्या महिन्यात संक्रांत पडली नाही, की तो अधिक महिना.

२०२३ च्या श्रावणाला हा नियम लावून पाहावा. कर्क संक्रांत झाली १७ जुलैच्या पहाटे. अमावास्या संपली त्याच दिवशीच्या मध्यरात्रीनंतर लगेच. पुढची अमावास्या संपली १६ ऑगस्टला दुपारी, आणि सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला दुपारी. सबंध चांद्रमास दोन संक्रांतींच्या मध्ये जेमतेम मावला, म्हणून तो अधिक श्रावण. त्यानंतर निज श्रावण आला आणि भाद्रपद लांबला. टिळक पंचांगात मात्र राशिचक्राचा आरंभ आकाशात सुमारे चार अंश मागे धरलेला आहे, त्यामुळे तिथे प्रत्येक संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते. त्या हिशेबाने सिंह संक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे अमावास्येच्या आतच पडली. महिन्यात संक्रांत आली, अधिकपण गेले आणि तोच निज श्रावण ठरला. चार अंशांनी गणपती एक महिना सरकले ते असे. यात कोणाचे गणित चुकलेले नाही. मोजायला आरंभ कुठून करायचा, एवढाच वाद आहे. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो मराठी माणसांनी मराठीत मांडला आहे.

या वादाच्या मागे एक मोठी परंपरा उभी आहे. शके १०३६, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात क्षयमासाचा विचार आहे. हिवाळ्यात सूर्याची गती जलद असते, म्हणून क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गळून जातो. असे क्षयमास १४१ वर्षांनी आणि कधी १९ वर्षांनी येतात, असे आचार्यांनी नोंदवून ठेवले आहे. १८२२-२३ मध्ये क्षयमास होता. त्यानंतरचा आला १९६३-६४ मध्ये, बरोबर १४१ वर्षांनी. आणि पुढचा १९८२-८३ मध्ये, १९ वर्षांनी. बाराव्या शतकात बांधलेला अंदाज विसाव्या शतकात खरा ठरला.

या विद्येला आश्रय कसा मिळत होता, याचा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणला दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी मठ उभारला, आणि १२०७ साली निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील येतो तिथे लेख जुन्या मराठीवर येतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला आहे, असे तो सांगतो. राजाची वंशावळ आणि विद्येचे गौरवगान संस्कृतात ठीक होते. पण पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे बाजारातल्या माणसाला कळायला हवे होते. खगोलशास्त्राच्या अभ्यासाचा खर्च आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका पेठेने असा उचलला होता.

त्यानंतर तीनशे वर्षांनी कोकणातल्या नांदगावी केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे पितापुत्र झाले. केशवांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले. जुन्या ग्रंथांवरून येणारी ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळत नाहीत हे त्यांनी लिहून ठेवले, आणि पुढच्या गणितज्ञांनीही वेध घेऊन अशीच दुरुस्ती करीत जावे असे सांगितले. शास्त्र मानणारा माणूस शास्त्राचा आकडा बदलायला सांगतो आणि त्यात शास्त्राचा अपमान झाला असे त्याला वाटत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात ज्या-चापांची किचकट गणिते टाळून, अकरा वर्षांची म्हणजे ४०१६ दिवसांची चक्रे पाडून, साध्या अंकगणितावर ग्रह काढायची सोय केली. हा ग्रंथ इतका सोयीचा ठरला की एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातल्या गावोगावचे जोशी याच पितापुत्रांच्या परंपरेने पंचांग करीत.

सोय झाली, पण वेध थांबले. केशवांनी सांगितलेले काम बाजूला राहिले आणि त्यांच्या मुलाची कोष्टके तेवढी पाठ झाली.

चूक कुठे साचत गेली, हे समजून घेण्यासारखे आहे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला लागणारा काळ. चंद्राची गती समान नाही, म्हणून तिथीही कमी-जास्त होते. जुन्या पद्धतीत चंद्राच्या गतीला एकच मुख्य संस्कार, म्हणजे दुरुस्ती, असे. त्याची पारख ग्रहणांवरून झालेली होती, आणि ग्रहणे पौर्णिमा-अमावास्येलाच होतात. त्यामुळे त्या दोन दिवशी गणित बरे जुळे. पक्षाच्या मध्यावर, अष्टमीच्या आसपास, सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या जागेत आणखी फरक पडतो. तो अडीच अंशांपर्यंत जातो, आणि तिथीच्या वेळेत चार-पाच तासांची चूक येते. दहाव्या शतकात मुंजाल या ज्योतिषाने या दुसऱ्या संस्काराकडे लक्ष वेधले होते. ओडिशात चंद्रशेखर सामंत यांनी एकोणिसाव्या शतकात बांबूची यंत्रे आणि नुसते डोळे यांच्या बळावर तो नव्याने शोधून काढला. पण रोजच्या पंचांगात तो उतरला नाही.

धर्मशास्त्राने तर जुन्या चंद्रावरच नियम बांधला होता. ‘बाणवृद्धी, रसक्षय’ असे तो सांगे. तिथी साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटका वाढते आणि सहा घटका घटते, म्हणजे ती ६५ घटकांहून मोठी किंवा ५४ हून लहान होऊ शकत नाही. आकाशातली तिथी मात्र ६७ घटकांपर्यंत जाते आणि ५० पर्यंत उतरते. घटका २४ मिनिटांची, तेव्हा हा फरक तासातासांचा आहे. नवे गणित आले तेव्हा अनेक शास्त्रीमंडळींनी आक्षेप घेतला तो इथेच. व्रताचे फळ अदृष्ट असते, त्यामुळे व्रताची तिथी ऋषींच्या गणिताने काढावी, आणि ग्रहण डोळ्यांना दिसते, त्याला हवे तर नवे गणित लावावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या मागे श्रद्धा होती. आपण चुकीच्या दिवशी उपास केला तर काय, ही काळजीही होती.

ती काळजी किती बारीक होती, ते एकादशीवरून कळते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहिला. अशा ग्रंथांनी सांगितलेल्या निर्णयानुसार स्मार्त मंडळी सूर्योदयाला कोणती तिथी आहे हे पाहतात, तर वैष्णव त्याआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटांचा अरुणोदय पाहतात. त्या अरुणोदयात दशमीचा स्पर्श जरी झाला, तरी एकादशी विद्ध ठरते आणि उपास दुसऱ्या दिवशी जातो. कॅलेंडरावर कधी लागोपाठ ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ छापलेली दिसते ती यामुळे. जिथे दीड तासावर उपासाचा दिवस ठरतो, तिथे पाच तास चुकणारे कोष्टक वापरणे हे धर्माच्या दृष्टीनेही परवडणारे नव्हते. सुधारणेच्या बाजूने हाच मुद्दा सर्वांत बळकट होता, आणि तो धर्माच्या आतूनच आला होता.

मध्यंतरी छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. शाईत चरबी असते, म्हणून छापलेला कागद सोवळ्यात चालत नाही अशी तक्रार होती. धार्मिक पुस्तकांसाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली आणि तक्रार मिटवली. एरवी गावच्या जोश्याच्या हस्तलिखितात असणारे पंचांग आता कोणालाही विकत घेता येऊ लागले. त्याबरोबर दोन पंचांगे शेजारी ठेवून ताडून पाहण्याचीही सोय झाली. छापील आकडे आणि डोक्यावरचा चंद्र यांतली तफावत लपणे आता कठीण होते.

ती तफावत अंगावर घेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करीत होते, पुढे पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. युरोपीय वेधांवर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके मराठी वाचकाच्या हाती आली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने या गणिताचे पंचांग निघू लागले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. राशिचक्राच्या आरंभासाठी छत्र्यांनी रेवती नक्षत्रातला एक अंधुक तारा धरला. त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक. पंचांगाच्या वादावर १९०४ साली मुंबईत ज्योतिषपरिषद भरली, १९२० साली सांगलीत भरली. टिळकांचा पाठिंबा रेवतीच्या पक्षाला होता, आणि आजचे टिळक पंचांग त्याच पक्षाचे आहे. २०२३ मधल्या चार अंशांचा उगम या अंधुक ताऱ्यात आहे.

दुसरा पक्ष उभा केला व्यंकटेश बापूजी केतकरांनी. बागलकोटचे हे शिक्षक. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ अजूनही पंचांगकर्त्यांच्या अभ्यासात आहे. चित्रा हा ठळक तारा राशिचक्राच्या बरोबर मध्यावर, १८० अंशांवर धरावा आणि त्यावरून आरंभ काढावा, हे मत त्यांनी लावून धरले. आज सर्वाधिक खपणारी मराठी पंचांगे आणि कॅलेंडरे याच पक्षाची आहेत. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेत केतकरांनी नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावेत असे गणित मांडले. त्यांतल्या पहिल्याचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट सांगितले होते. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आहे. त्याच वर्षी केतकर वारले.

तिसरा पक्ष होता विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. ताऱ्यावरून आरंभ धरूच नका, वसंतसंपातावरून, म्हणजे वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूवरून धरा, म्हणजे सण कायम आपापल्या ऋतूत राहतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सायन पंचांग काढले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही.

दीक्षितांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे दीक्षित शिक्षणखात्यात शिक्षक होते आणि १८९८ साली, पंचेचाळिशीतच, गेले. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली मराठीत निघाला. वेदकाळापासून त्यांच्या दिवसांपर्यंतचे ग्रंथ, ग्रंथकार, गणिते आणि भारतभर चालणारी पंचांगे यांचा असा इतिहास त्याआधी कुठल्याही भाषेत नव्हता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे एक विधान आहे. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील, हे संपाताच्या गतीवरून मागे मोजत जाऊन दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी तीन हजारांच्या आसपास नेला. या निष्कर्षावर विद्वानांत वाद आहेत. पण धर्मग्रंथातले वाक्य आकाशाकडे नेऊन तपासायचे, ही रीत त्यांनी मराठीत रुजवली. गुप्तकालीन लेखांच्या मित्यांचे गणित त्यांनी पुरालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांना करून दिले, आणि रॉबर्ट सेवेल या इंग्रज अभ्यासकाबरोबर भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. शाळेची नोकरी सांभाळून हे सारे झाले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. तेव्हा देशात तीसेक कालगणना चालत होत्या. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, आणि उज्जैनच्या वेधशाळेचे र. वि. वैद्य होते. दीक्षितांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पुढे याच वैद्यांनी केला. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ ठरला आणि राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर ‘आजची भारतीय सौर तारीख’ ऐकू येते ती हीच. राशिचक्राच्या आरंभासाठी समितीने चित्रापक्षाला जवळचा आकडा घेतला: २१ मार्च १९५६ रोजी अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभाचे अंतर, २३ अंश १५ कला.

व्यवहारात या सौर तारखेचा उपयोग फारसा होत नाही. पण समितीने एक महत्त्वाची शिफारस केली होती. सणांच्या महिन्यांसाठी हा २३ अंश १५ कलांचा आकडा तिथेच गोठवावा, म्हणजे यापुढे तरी सण ऋतूंपासून सरकणार नाहीत. पंचांगकर्त्यांनी ती मानली नाही.

ते सरकणे मकर संक्रांतीत सर्वांना दिसू शकते. संपात दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे जातो, ७२ वर्षांत एक अंश. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीच्या दिवशीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे. ते संक्रांतीच्या दिवशी झाले असे पुष्कळदा छापले जाते. पण गणित मागे नेले तर त्या साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. विसाव्या शतकात ती १४ ला स्थिरावल्यासारखी वाटली, आता काही वर्षी १५ ला येते. उत्तरायण मात्र आकाशात २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. दोन्ही दिवस एकत्र होते त्याला सतराशे वर्षे झाली. समितीने आकडा ठरवला तेव्हापासून संपात जवळजवळ एक अंश मागे गेला आहे. २०२७-२८ च्या सुमारास तो अंश पुरा होतो.

हे थांबवायचे की ताऱ्यांशी असलेले नाते जपून सरकू द्यायचे, हा प्रश्न कोणत्याही सरकारी ठरावाने सुटणार नाही. तो धर्माचा आहे आणि गणिताचाही आहे. दोन्ही समजणारी माणसे समाजात असतील, तरच त्याचा निर्णय होऊ शकेल. केशव दैवज्ञांपासून दीक्षितांपर्यंत ती होती. आज महाराष्ट्रात घरोघरी भिंतीवर कॅलेंडर आहे, पण अधिक महिना का आला हे सांगू शकणारी माणसे फार थोडी आहेत. ही अवस्था बदलणे अवघड नाही. आठवी-नववीच्या वर्गांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून शाळेच्या पटांगणात एक काठी उभी करावी आणि रोज मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहावी. ती २२ डिसेंबरच्या सुमारापर्यंत रोज वाढत जाईल आणि मग कमी होऊ लागेल. तीन आठवड्यांनी तिळगूळ वाटला जाईल तेव्हा वर्गातले कोणी तरी विचारील, की उत्तरायण तर आधीच झाले, मग संक्रांत आज का? त्या मुलांना शिक्षकाने छत्रे, केतकर आणि दीक्षित या तिघांचीही उत्तरे सांगावीत, आणि त्यांतले कोणते पटते ते कारणासह लिहून आणायला सांगावे. पुढे केव्हा तरी पंचांगाचा विचार करायला नवी समिती बसेल, आणि तिला लागणारी माणसे अशाच वर्गांतून यायची आहेत.